फक्की, पट्टी आणि फेटा
वाचकांचे प्रश्न : शाळेचं गॅदरिंग आणि क्रीडादिन

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये एकच गडबड सुरू होते. या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं खासगी, स्वयंअर्थसहाय्यित शाळांमधल्या शिक्षकांची आणि पालकांची आहेत. जागा कमी, मुलं भरपूर आणि तारीख ठरलेली. सगळ्यांना पुरतील असे काही प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमचं मैदान ९५ मीटर लांब, ४५ मीटर रुंद. दरवर्षी २०० मीटरचा ट्रॅक आखतो आणि दरवर्षी बाहेरच्या लेनमधल्या मुलांचे पालक भांडायला येतात. पुस्तिकेत बघून दुसऱ्या लेनला ३.५२, तिसरीला ७.३५ आणि चौथीला ११.१९ मीटरचा स्टॅगर (बाहेरच्या लेनची सुरुवात जितकी पुढे सरकवतात ते अंतर) दिला होता. तरीही तक्रार. चुकतंय कुठे?
— क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा

पालक बरोबर भांडतात. तुम्ही घेतलेले आकडे ४०० मीटरच्या ट्रॅकवर होणाऱ्या २०० मीटर शर्यतीचे आहेत. तिथे २०० मीटर म्हणजे अर्धी फेरी, एकच वळण. तुमच्या ट्रॅकवर २०० मीटर म्हणजे पूर्ण फेरी, दोन वळणं. शिवाय पुस्तिकेतल्या ट्रॅकला आतून उंच कठडा असतो, म्हणून पहिली लेन आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात. शाळेत नुसती फक्कीची रेषा असते, तिथे पहिलीसकट सगळ्या लेन २० सेंटिमीटरवर मोजायच्या. म्हणजे प्रत्येक लेनचा फरक २ × ३.१४१६ × लेनची रुंदी, एवढाच सरळ हिशेब. लेन १.२२ मीटरची असेल तर ७.६७ मीटर. तुमच्या आखणीत दुसऱ्या लेनमधलं मूल ४ मीटरहून जास्त आणि चौथ्या लेनमधलं जवळजवळ १२ मीटर जादा धावलं.

आता आखणी. तुमच्या मैदानात चार लेनचा ट्रॅक नेमका बसतो. दोन्ही सरळ बाजू ५० मीटरच्या घ्या, वळणाची आतली त्रिज्या १५.७२ मीटर. बाहेरच्या रेषेपर्यंत लांबी ९१.२ आणि रुंदी ४१.२ मीटर होते, म्हणजे चारही बाजूंनी दोन मीटरच्या आसपास जागा उरते. पाचव्या लेनचा मोह नको. कुंपणाला खेटून धावणारं मूल वळणावर कुंपणातच जातं.

मैदानाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, बरोबर ५० मीटर अंतरावर दोन खुंट ठोका. हे वळणांचे मध्यबिंदू. खुंटांना धरून ५० × ३१.४४ मीटरचा आयत आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५९.०६ मीटर आले तर कोपरे काटकोनात आहेत. दहा सेंटिमीटरचा फरक दिसला तरी पुढे जाऊ नका, कारण ती चूक वळणावर फुगत जाते. मग खुंटापासून १५.७२, १६.९४, १८.१६, १९.३८ आणि २०.६० मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं काढून सरळ रेषांनी जोडा. फक्कीची रेषा ५ सेंटिमीटर जाड धरली तर त्रिज्या नेहमी रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायची.

त्रिज्येसाठी सुतळी वापरू नका. सुतळी ओढली की लांबते, दवाने ओली झाली की आखडते, आणि पहिली रेषा नि पाचवी रेषा दोन वेगळ्या ट्रॅकच्या वाटतात. स्टीलची फीत नाहीतर बायंडिंगची तार घ्या. तीन माणसं लागतात : एक खुंटाशी, एक फक्कीच्या डब्याशी आणि एक फीत जमिनीला समांतर आहे ना हे बघायला. पाच रेषांची मिळून लांबी एक किलोमीटरच्या वर जाते, त्यामुळे हे काम क्रीडादिनाच्या सकाळी काढायचं नाही. दोन खुंटांच्या जागी जमिनीच्या थोडं खाली काँक्रीटमध्ये लोखंडी सळी कायमची बसवून ठेवलीत, तर पुढच्या वर्षी निम्मं काम वाचेल.

स्टॅगर मोजताना आणखी एक गफलत होते, आणि ती चांगल्या चांगल्यांकडून होते. सुरुवातीची रेषा वळणाच्या तोंडाशी असते. तिथून दुसऱ्या लेनला ७.६७, तिसरीला १५.३३ आणि चौथीला २३ मीटर पुढे जायचं, पण हे अंतर वळणाच्या कडेकडेने, लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजायचं असतं. फीत ताणून सरळ मोजली तर चौथ्या लेनच्या मुलाला दीड मीटरहून जास्त अंतर फुकट मिळतं. कडेकडेने मोजणं जिकिरीचं वाटत असेल तर फीत खुशाल ताणा, पण आकडे बदला : दुसरी लेन ७.६०, तिसरी १४.८९, चौथी २१.७० मीटर. हे आकडे फक्त वर दिलेल्या त्रिज्यांना लागू आहेत. त्रिज्या बदलली की हेही बदलतात.

१०० मीटरची शर्यत या मैदानात घेऊ नका. कोपऱ्यातून कोपऱ्यात कर्ण १०५ मीटर भरतो आणि शेवटी थांबायला जागा राहत नाही. ८० मीटर ठेवा : मागे तीन मीटर, पुढे बारा मीटर मोकळे. वेळ घेणाऱ्यांना सांगून ठेवा की क्लॅपर (शर्यत सोडायला आपटतात त्या दोन फळ्या) मिटताना दिसला की घड्याळ दाबायचं, आवाजाची वाट बघायची नाही. ८० मीटरवरून आवाज यायला पाव सेकंदाच्या जवळपास वेळ जातो.

प्रश्न : खो-खोचं मैदान आखताना मधल्या पाटीची बेरीज जुळत नाही. अर्धा मीटर कुठेतरी हरवतो.
— माजी खेळाडू व पालक, रत्नागिरी

हरवत नाही. तुमच्याकडे जुनी नि नवी अशी दोन मापं एकत्र झाली आहेत. जुन्या मापात मैदान २९ × १६ मीटर, दोन्ही खांबांमधलं अंतर २३.५ मीटर आणि मधल्या पाटीला छेदणाऱ्या आडव्या पाट्या ३० सेंटिमीटरच्या. नव्यात मैदान २७ × १६, खांबांमधलं अंतर २४ मीटर आणि आडव्या पाट्या ३५ सेंटिमीटरच्या. नव्या मापाची बेरीज अशी : खांबाच्या रेषेपासून पहिली पाटी २.५५ मीटरवर, दोन टोकांचे मिळून ५.१०. आठ पाट्यांचे २.८०. पाट्यांमधल्या सात जागा २.३० मीटरच्या, म्हणजे १६.१०. एकूण बरोबर २४. खांबांपलीकडे दोन्हीकडे दीड-दीड मीटर.

२७ × १६ चा कर्ण ३१.३८ मीटर येतो, तो आधी तपासा. खांबाची उंची जमिनीपासून १२० सेंटिमीटर. खांब हातात घेऊन वळायचं असतं, त्यामुळे तो हलता कामा नये आणि त्याला कूस लागता कामा नये. नव्या खांबाला सँडपेपर मारून घ्या. मुलांच्या तळहातात घुसलेली कूस ही खो-खोतली अगदी नेहमीची इजा आहे आणि ती टाळायला वीस रुपयेही लागत नाहीत.

प्रश्न : चाळीस मुलांचं समूहगीत बसवलं आहे. वर्गात छान वाटतं. स्टेजवर मात्र मुलं वरच्या सुरात किंचाळतात, खालच्या ओळी ऐकूच येत नाहीत आणि माईक शिट्टी मारतो. साउंडवाला म्हणतो, मुलांना जोरात गायला सांगा.
— संगीतशिक्षिका, फोंडा

साउंडवाल्याचं ऐकू नका, निदान याबाबतीत तरी नको. तुमच्या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी आहेत. एक पट्टीचं, एक माईकचं.

पट्टी आधी. पेटी स्वतःच्या गळ्याला सोयीची धरायची आणि मुलांना त्यात बसवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. त्याहून वाईट म्हणजे मोठ्या गायकाच्या पट्टीतला कराओके ट्रॅक लावून मुलांना त्यामागे पळवायचं. पाचवी ते सातवीच्या मिश्र वर्गाला खाली मंद्र सप्तकातल्या पांढरी सहापर्यंत (पेटीच्या खालच्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) आणि वर तार सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत निवांत गाता येतं. त्याखाली आवाज नुसती हवा होतो, त्यावर किंचाळी सुरू होते. म्हणून गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी कागदावर लिहा. गाणं मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत जात असेल तर षड्ज पांढरी दोन धरा. खालचा पंचम पांढरी सहावर येतो, वरचा षड्ज पांढरी दोनवर. दोन्ही टोकं बरोबर बसतात, पण इंचभरही जागा उरत नाही. गाणं मंद्र निषाद ते तार रिषभ एवढंच असेल तर काळी पाच ते पांढरी एक यांपैकी काहीही चालेल. तेव्हा तीनही पट्ट्यांत एकेक कडवं गाऊन बघा आणि मुलांच्या मानेच्या शिरा कुठल्या पट्टीत दिसत नाहीत ते पाहा.

गाण्याचा पल्ला याहून मोठा असेल, मंद्र पंचम ते तार गंधार वगैरे, तर पट्टी बदलून काही होत नाही. गाणं वाटून द्या. वरची ओळ आठ-दहा मुलांना, खालची दुसऱ्या गटाला, ध्रुवपद सगळ्यांना. आठवी-नववीतल्या ज्या मुलांचे आवाज फुटत आहेत त्यांना वर ताणायला लावू नका. खालच्या सप्तकात गाऊ द्या, नाहीतर झांज, खंजिरी, ढोलकी द्या. त्यांना रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगणारे शिक्षक अजून आहेत. मुलाला ते आयुष्यभर लक्षात राहतं.

ट्रॅकच वापरायचा असेल तर तो मोबाइलवर सूर बदलून घेता येतो. दोन-तीन स्वरांपर्यंत बरा लागतो, त्यापुढे वाद्यं प्लास्टिकची वाटायला लागतात. पेटी-तबला केव्हाही बरा, कारण मुलं कडवं विसरली तर पेटी थांबते, ट्रॅक थांबत नाही.

आता माईक. शिट्टी येते कारण स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि गोल फिरत राहतो. त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. मोठे स्पीकर माईकच्या रेषेत किंवा मागे ठेवलेले, गरजेपेक्षा जास्त माईक उघडे, आणि माईक मुलांपासून लांब. स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेच्याही पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवायला लावा. चाळीस मुलांना तीन स्टँड माईक पुरतात. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायची मुभा तीन डेसिबलने कमी होते. म्हणून सहा माईक मागून काही सुधारत नाही, उलट बिघडतं.

मुलं तीन रांगांत उभी करा : पहिली जमिनीवर, दुसरी बाकावर, तिसरी त्याहून उंच लेव्हलवर. माईक पहिल्या रांगेच्या दोन फूट पुढे, पुढच्या मुलांच्या डोक्याच्या किंचित वर आणि तोंड दुसऱ्या रांगेकडे. माईक मुलांपासून दोन फूट असेल तर शेजारच्या माईकपासून किमान सहा फूट लांब हवा. जवळ ठेवले तर एकच आवाज दोन माईकमध्ये थोडा मागेपुढे पोचतो आणि गाणं डब्यात गायल्यासारखं पोकळ होतं. पेटीचा माईक वेगळा, भात्याच्या बाजूला नव्हे. मुलांना पेटी ऐकू येण्यासाठी एक छोटा स्पीकर त्यांच्याकडे तोंड करून ठेवा, पण तो माईकच्या पाठीमागून येईल असा. माईकची पाठ कमी ऐकते.

आणि साउंड चेक चाळीसही मुलांना उभं करून घ्या. साउंडवाल्याचं ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ त्याच्या आवाजाला पुरतं, तुमच्या मुलांच्या नाही.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे, आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतून प्रवेश मिळाला. गॅदरिंगच्या नाचासाठी दीड हजाराचा ड्रेस एका ठरावीक दुकानातून घ्यायला सांगितलं आहे. नाही म्हटलं तर मुलीला मागे बसवतील अशी भीती वाटते.
— एक आई, पुणे

भीती बाजूला ठेवून आधी लेखी विचारा : हा खर्च ऐच्छिक आहे की सक्तीचा? महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावाच लागतो आणि मान्य झालेल्या शुल्कापेक्षा जास्त शुल्क शाळेला घेता येत नाही. संघाच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेच्या पालकांचा प्रतिनिधी असतो. तुमच्या इयत्तेचा प्रतिनिधी कोण हे शाळेच्या फलकावर बघा आणि विषय त्याच्यामार्फत मांडा. एकट्या आईने मांडलेला प्रश्न ‘तुमची अडचण’ ठरतो, समितीत आलेला प्रश्न शाळेचा होतो. आरटीईचा उल्लेखही करायची गरज नाही. दीड हजार रुपये वर्गातल्या निम्म्या घरांना जड जात असतील, फक्त बोलत कोणी नसेल.

शिक्षकांसाठी दोन शब्द. वीस मुलांचा नाच एकसारखा दिसायला वीस नवे ड्रेस लागत नाहीत. गणवेशातला पांढरा शर्ट, एका रंगाचा शेला आणि फेटा एवढ्यावर शेतकरी नाचही होतो, कोळी नाचही होतो आणि लेझीमही होतं. दुसरी-तिसरीच्या मुलाला साडेतीन ते चार मीटरचा फेटा पुरतो. त्याहून लांब बांधलात तर दुसऱ्या गिरकीला डोळ्यांवर येतो. बांधण्याआधी कापड किंचित ओलं करून पिळा, सुकताना घट्ट बसतं. नवं कोरं कापड खळीमुळे घसरतं, एकदा धुऊनच वापरा. शाळेत एक ट्रंक करा : फेटे, शेले, घुंगरांचे पट्टे, शिवलेल्या नऊवारी, प्रत्येकावर मापाची चिठ्ठी. गॅदरिंगनंतर धुऊन, डांबरगोळ्या घालून ठेवलं की चार वर्षं चालतं. ही ट्रंक सांभाळायला एका पालकाचं नाव हवं, नाहीतर दुसऱ्याच वर्षी तिच्यात फक्त एक घुंगरू आणि कोणाचा तरी स्वेटर उरतो.

प्रश्न : शाळेत मल्लखांब सुरू झाला आहे. मुलगी आठ वर्षांची. पाठवावं का? सुरक्षित आहे का हे कशावरून ओळखायचं?
— पालक, नाशिक

आठ वर्षं हे वय उत्तम. शरीर हलकं, भीती कमी. सुरक्षित आहे की नाही ते शिक्षकांच्या बोलण्यावरून नाही, जागेवरून ओळखा. एकदा वर्गाच्या वेळी जाऊन बघा.

पुरलेला मल्लखांब असेल तर खांब सागवानी किंवा शिसवी हवा. बुंध्याशी घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास, वर निमुळता होत ३५, त्यावर मान आणि बोंड. हाताने हलवून पाहा, तसूभरही हलता कामा नये. उभी चीर दिसली तर कातडी चिमटते. एरंडेल लावलेलं असतं ते घसरण्यासाठी नव्हे, घासून कातडी सोलू नये म्हणून. पण तेलाचा थर साचलेला असेल तर तो खांब कोणी पुसत नाही असं समजा. दोरीचा मल्लखांब असेल तर दोर सुती हवा. नायलॉनचा दोर पायाच्या बोटांत धरून सरकलं की भाजल्यासारखे व्रण उठतात. दोर वर जिथे बांधला आहे तो हूक आणि तुळई शेवटची कधी तपासली, हे विचारायला लाजू नका.

खाली गादी चारही बाजूंनी आणि दोन गाद्यांमध्ये फट नसलेली. घोटे मुरगळतात ते बहुधा त्या फटीतच. एका खांबावर एका वेळी एकच मूल, बाकीची गादीच्या बाहेर. मुलीची नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले. गळ्यात, कानात, हातात काहीही नको, मनगटाचा काळा दोराही नको.

पहिल्या महिन्यात तिला खांबावर काहीच ‘करून’ दाखवता आलं नाही तर काळजी नको. सूर्यनमस्कार, लोंबकळणं, पायाची पकड आणि नीट उतरणं, एवढंच शिकवत असतील तर शिक्षक चांगले आहेत. मग सलामी, साधी अढी, मग तेढी, बगली हे खांबावरचे प्रकार. काळजी कधी करायची? सहाव्या आठवड्यात गॅदरिंगसाठी मनोरा बसवायला घेतला, तर. मनोऱ्यात वरच्या मुलाचं वजन खालच्यांच्या खांद्यावर नि मांडीवर येतं, त्याला महिन्यांची तयारी लागते, आठवड्यांची नाही. अशा वेळी मुलीला खालच्या रांगेत आसनं करू द्या असं स्पष्ट सांगा.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी हा व्यायाम पुन्हा उभा केला, तो पैलवानांच्या तयारीसाठी. टाळ्यांसाठी तो नंतर झाला. अधूनमधून शाळेला याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

प्रश्न : संचलनात दरवर्षी चार-पाच मुली चक्कर येऊन पडतात.
— मुख्याध्यापिका, लातूर

गुडघे ताठ करून खूप वेळ निश्चल उभं राहिलं की रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पोचतं. त्यात सकाळी सहाला उपाशीपोटी निघालेली मुलगी आणि पाहुणे पाऊण तास उशिरा. ‘सावधान’मध्ये गुडघे कडक न लावता किंचित सैल ठेवायला आणि बुटात पायाची बोटं हलवत राहायला शिकवा, बाहेरून दिसत नाही. भाषणं ‘विश्राम’मध्ये किंवा बसून ऐकवा. मैदानावर येण्याआधी सगळ्यांना पोहे-उपमा काहीतरी आणि एक ग्लास पाणी. पडलेल्या मुलीला उठवून खुर्चीत बसवू नका. सावलीत आडवी करा, पाय फूटभर उंच, भोवतीची गर्दी हटवा. मिनिटभरात शुद्धीवर येते. आली नाही, किंवा अंग तापलेलं आहे आणि बोलणं असंबद्ध आहे, तर ती साधी चक्कर नाही. ओल्या कापडाने अंग गार करत थेट दवाखान्यात न्या.

प्रश्न : गॅदरिंग दरवर्षी दहाच्या पुढे जातं आणि पोलीस येतात. यंदा बालनाट्यही आहे. लेखकाची परवानगी लागते का? आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर?
— सांस्कृतिक विभागप्रमुख, ठाणे

परवानगीचं आधी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेला सवलत आहे : शिक्षक-विद्यार्थ्यांनीच केलेला प्रयोग आणि प्रेक्षकांत शिक्षक, विद्यार्थी, पालक नि शाळेशी संबंधित माणसंच असतील तर ते उल्लंघन ठरत नाही. बाहेरच्यांना तिकीट विकलं, हाच प्रयोग बाहेर कुठे केला किंवा इंटरनेटवर टाकला की ती सवलत गृहीत धरता येत नाही. नाटकासाठी लेखकाला किंवा त्यांच्या वारसांना आधीच पत्र लिहा. शाळा म्हटल्यावर बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, न विचारल्याचा राग मात्र येतो. सिनेमाच्या गाण्यावरच्या नाचाचा व्हिडिओ टाकलात तर यूट्यूब तो आवाज बंद करू शकतं किंवा व्हिडिओच अडवतं. शिवाय मुलांचे चेहरे जगाला दाखवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. लिंक फक्त पालकांच्या गटात देणं केव्हाही बरं.

आता दहाचं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि त्याआधीही परवानगी हवीच. तुम्ही उशीर कुठे करता ते कागदावर दिसेल. २२ कार्यक्रम, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे ८८ मिनिटं. हे सगळे धरतात. दोन कार्यक्रमांमधली तीन-तीन मिनिटं कोणी धरत नाही, ती होतात आणखी ६३. बक्षिसं, भाषणं, सत्कार मिळून पाऊण तास. बालनाट्य पस्तीस मिनिटं आणि नेपथ्य लावायला-काढायला दहा. बेरीज चार तासांच्या वर. सहाला सुरू करायचं म्हणून छापलं आणि साडेसहाला दीपप्रज्वलन झालं की साडेदहा ठरलेलेच.

मधल्या तीन मिनिटांचं एक मिनिट करता येतं. एक गट डाव्या विंगेतून, पुढचा उजव्या विंगेतून. पुढचे दोन गट कायम विंगेत तयार, तिसरा मेकअप खोलीच्या दारात. विंगेत प्रत्येक बाजूला एक शिक्षक, हातात यादी, आणि त्याला स्टेजकडे बघायची परवानगी नाही, फक्त यादीकडे. सगळी गाणी एकाच लॅपटॉपवर क्रमांक लावून आदल्या दिवशी. पेनड्राइव्ह घेऊन धावत येणाऱ्या पालकाला साउंडच्या टेबलापाशी येऊ देऊ नका. निवेदकांची वाक्यं पुढच्या गटाच्या जागेवर येण्याच्या वेळेतच बसवा. त्यातूनच चाळीसेक मिनिटं निघतात. बालनाट्य पहिल्या अंकासारखं सुरुवातीला घ्या, नेपथ्य आधीच लागलेलं असेल तर लावण्याची पाच मिनिटंही वाचतात. बक्षिसं सकाळच्या क्रीडादिनाला वाटून टाका, आणि प्रमुख पाहुण्यांना पाचचीच वेळ कळवा.